इरावती कर्वे : एका प्रदेशकल्पनेचे चरित्र

गेल्या अर्धशतकात मानवी भूगोल आणि युरोपीय तत्त्वज्ञान ही दोन क्षेत्रे एकमेकांच्या बरीच जवळ आली आहेत. आंरी लफेव्रचा अवकाशनिर्मितीवरील ग्रंथ १९७४ मध्ये, यी-फू त्वानचा अवकाश व स्थळ यांच्या अनुभवावरील ग्रंथ १९७७ मध्ये आणि मिशेल द सेर्तोचे दैनंदिन व्यवहारांवरील विवेचन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रदेश म्हणजे नकाशावर आखलेला तुकडा नव्हे, तो माणसांच्या वावरण्यातून, चालण्यातून आणि परस्परसंबंधांतून घडत जातो, हा विचार या लेखनामुळे आता सर्वपरिचित झाला आहे. मराठी वाचकाला मात्र तो सर्वस्वी नवा वाटण्याचे कारण नाही. त्याची एक स्वतंत्र मांडणी मराठीत १९४९ पासून उपलब्ध आहे. ती करणाऱ्या विदुषीचे, इरावती कर्वे यांचे, वरीलपैकी पहिला ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच निधन झाले होते. मानवशास्त्रज्ञ आणि ललित लेखिका या दोन्ही नात्यांनी त्यांची कीर्ती मोठी आहे; परंतु ही दोन नाती वेगवेगळी धरण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्यांच्या जीवनक्रमाकडे एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले, तर ही फारकत टिकत नाही. माणूस एखाद्या भूमीचा होतो तो कशामुळे, हा तो प्रश्न होय.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तेथे होते. मुलीला त्यांनी त्या देशाच्या महानदीचे नाव दिले. वयाच्या सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत पाठविण्यात आले. पुढे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या कुटुंबात ती घरच्या मुलीसारखी वाढली. परांजपे बुद्धिवादी होते. त्या घरात ग्रंथवाचन आणि मोकळी चर्चा हा नित्याचा व्यवहार होता. एका नदीचे नाव घेऊन दुसऱ्या नदीकाठी आलेल्या आणि जन्मदात्यांपासून दूर, मानलेल्या नात्यांत रुजलेल्या या मुलीने पुढे नातेसंबंध हाच आपल्या अभ्यासाचा मुख्य विषय करावा, यात केवळ योगायोग पाहणे कठीण आहे.

१९२६ मध्ये त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाल्या. त्यानंतर दक्षिणा फेलोशिप मिळवून त्यांनी मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंधावर एम. ए. ची पदवी घेतली. याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उच्च शिक्षणासाठी सुनेने जर्मनीस जावे हा बेत स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या सासऱ्यांना फारसा रुचला नाही. पतीचा मात्र त्याला पूर्ण पाठिंबा होता. १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

त्या वेळच्या जर्मनीत माणूस आणि भूमी यांच्या संबंधाविषयी अनेक विचारप्रवाह एकाच वेळी वाहत होते. फ्रीडरिख रात्सेलने १८८२ आणि १८९१ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या मानवभूगोलाची परंपरा दृढ झाली होती, आणि त्याच्याच जीवनावकाशाच्या कल्पनेचे राजकीय हत्यार बनविले जात होते. हायडेगरचा मुख्य ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जगात वसणे हाच मानवी अस्तित्वाचा मूलधर्म मानणारे तत्त्वज्ञान त्यातून पुढे येत होते. त्याच वर्षी बर्लिनच्या डाहलेम उपनगरात मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्थेची नवी शाखा सुरू झाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत शास्त्रीय पायावर उभा करण्याच्या प्रयत्नात असलेले विद्वान होते. इरावतीबाई त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या.

त्यांच्याकडे आलेला विषय होता मानवी कवटीची असममिती. कवटीच्या डाव्या-उजव्या भागांतील फरकाचा वंशाशी संबंध असावा, आणि गोऱ्या युरोपीयांच्या कवटीतील अशा फरकातून त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व सूचित व्हावे, असे गुरूंचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. यांतील कित्येक कवट्या वसाहतींतून, तेथील माणसांच्या संमतीवाचून, युरोपात आणलेल्या होत्या. मोजणी चोख झाली आणि निष्कर्ष गृहीतकाच्या विरुद्ध निघाला. असममितीचा आणि वंशाचा संबंध सिद्ध होत नाही, असे या परदेशी विद्यार्थिनीने त्याच संस्थेत, त्याच गुरूंपुढे मांडले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाला मिळालेली श्रेणी मात्र उत्तीर्ण होण्यापुरतीच होती, असे अलीकडच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रबंधातील कोरड्या आकड्यांचे मोल कळते.

तथापि या प्रसंगावरून इरावतीबाईंनी मोजपट्टी खाली ठेवली असे समजणे चुकीचे ठरेल. भारतात परतल्यावर काही वर्षे त्यांनी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात प्रशासकीय काम केले. १९३४ मध्ये बंद पडलेले पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्या तेथे आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. तेथून त्यांनी गावोगाव हिंडून निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची शारीरिक मापे घेतली. विष्णु महादेव दांडेकर यांच्या सहकार्याने केलेले महाराष्ट्रातील मानवमितीवरील काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. वंशाच्या उच्चनीचतेचा सिद्धांत त्यांनी स्वीकारला नव्हता, परंतु जातींच्या उगमाचा काही पुरावा शरीरात सापडेल ही आशाही त्यांनी सोडली नव्हती. आजच्या अभ्यासकांनी त्यांच्या कार्याच्या या अंगावर टीका केली आहे, आणि ती अनाठायी नाही. बर्लिनमध्ये शिकलेली पद्धत आणि बर्लिनमध्येच आलेली शंका या दोहोंचा वारसा त्यांच्याजवळ होता. त्यांच्या पुढील लेखनातील ताण यातूनच आला आहे.

मापे घेण्यासाठी गावोगाव हिंडताना माणसे भेटत होती, आणि मापाच्या तक्त्यात न मावणारे बरेच काही दिसत होते. त्याला वाट मिळाली ती मराठी ललित निबंधातून. १९४९ च्या 'परिपूर्ती' या संग्रहातील 'वाटचाल' हा निबंध आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीबरोबर केलेल्या पायी प्रवासाचा आहे. दिंडीत सर्व जण एकच नाम घेत चालतात, परंतु ब्राह्मणांचा स्वयंपाक आणि पंगत वेगळी, इतरांची वेगळी. अभंग एक आणि चूल मात्र निराळी, या विसंगतीने लेखिकेला यातना होतात. त्या दोन्हीकडच्या माणसांत ये-जा करीत राहतात, पण अंतर मिटवू शकत नाहीत. याच वाटेवर त्यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचते. ज्या भूमीतील लोक पंढरीच्या वारीला येतात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, असा तिचा आशय आहे. भाषावार प्रांतरचनेचा वाद तापत असताना केलेली ही व्याख्या सीमारेषेपासून सुरू होत नाही. अनेक गावांहून निघून एका ठिकाणी मिळणाऱ्या पायवाटांनी ती प्रदेश बांधते. याच निबंधाचे इंग्रजी रूपांतर १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आले, तेव्हा परदेशी अभ्यासकांनी ते प्रदेशविचारातील एक आधारभूत लेख म्हणून स्वीकारले.

या व्याख्येच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर लक्षावधी मराठी माणसांनी वेगळी वाट धरली. मराठी मुसलमान आणि ख्रिस्ती यांचे स्थान या व्याख्येत स्पष्ट होत नाही. उलट बाजूने पाहिले तर कर्नाटकातील भक्तही पिढ्यान् पिढ्या पंढरपूरला जात आले आहेत. मराठी संतांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, तर पुरंदरदासांनी आपल्या कन्नड पदांची मुद्राच विठ्ठलाच्या नावे केली. तेव्हा वारीने बांधलेला प्रदेश राजकीय महाराष्ट्राहून काही ठिकाणी लहान आणि काही ठिकाणी मोठा ठरतो. सरकारी नकाशाला हा दोष वाटेल. प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र तो फार उपयोगी आहे, कारण सीमा नेमकी कोठे धूसर होते ते त्यामुळे दिसते.

हीच धूसर सीमा इरावतीबाईंनी नातेव्यवस्थेच्या अभ्यासात काटेकोरपणे तपासली. ऋग्वेद आणि अथर्ववेद यांतील नातेवाचक शब्दांवरील त्यांचे लेख १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झाले होते. पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांतून जमविलेल्या सामग्रीवर उभा असलेला 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. त्यात उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले आहेत. उत्तरेत विवाह शक्यतो परक्या गावात, परक्या कुळात होतो. दक्षिणेत तो आधीच्या नात्याला नव्याने घट्ट करतो. महाराष्ट्र मध्यविभागात येतो. येथे मामाची मुलगी करण्यास अनेक जातींत मुभा आहे. दक्षिणेत रूढ असलेला मामा-भाचीचा विवाह मात्र सामान्यतः नाही.

या मांडणीची प्रचीती भाषेतच येते. देवनहळ्ळीसारख्या, बंगळूरुच्या उत्तरेस असलेल्या गावी कन्नड कुटुंबांची बोलणी ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या ध्यानात येते, की तेथे 'माव' हा एकच शब्द आईच्या भावाला आणि सासऱ्याला चालतो, आणि 'अत्ते' हा आत्याला तसाच सासूला. हिंदीत सास आणि ससुर हे शब्द बुआ आणि मामा यांपासून सर्वस्वी वेगळे आहेत. मराठीने दोन्ही घरची पाहुणी व्हावे तसे केले आहे. सासू-सासरा हे शब्द उत्तरेशी जुळतात, पण घरात सुनेच्या तोंडी मामंजी आणि आत्याबाई हीच संबोधने असत. आत्याच्या मुलाशी लग्न झालेल्या मुलीची सासू खरोखरच तिची आत्या असते. ती रीत जेथे मागे पडली तेथेही शब्दाने ती जपून ठेवली. महाराष्ट्र हा उत्तर-दक्षिणेमधील सांधा आहे हे विधान राजकीय भाषणांत वारंवार येते. इरावतीबाईंच्या ग्रंथामुळे त्याला स्वयंपाकघरापर्यंत पोचणारा पुरावा मिळाला.

नात्यानंतर गाव. १९५७ मध्ये डेक्कन कॉलेजच्या पत्रिकेत आलेल्या भारतीय खेड्यावरील लेखात त्यांनी एक साधा वाटणारा प्रश्न विचारला : गाव कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे चालणाऱ्याला कसे कळते? देशावर घरे एका ठिकाणी दाटलेली असतात. पांढरी आणि काळी, म्हणजे वस्ती आणि शेतजमीन, यांतील भेद डोळ्यांना स्पष्ट दिसतो. मात्र एका गावचे शिवार दुसऱ्याच्या शिवारात मिसळून जाते. कोकणात रस्त्याच्या दोहों बाजूंना आपापल्या कुंपणात, माडाफोफळींत घरे उभी असतात आणि एक गाव संपून दुसरे केव्हा लागले ते कळत नाही. डोंगराळ भागातील आदिवासींच्या वस्तीत जवळच्या भाऊबंदांची दोनतीन घरे एका टेकडीवर, तर पुढची काही अंतरावर. नाला मध्ये आला म्हणून गाव वेगळे होत नाही. येथे भूगोल आहे, समाजशास्त्र आहे, आणि वस्तू आपल्याला आकार म्हणून कशी जाणवते हा तत्त्वज्ञानाचा प्रश्नही आहे. ज्या बर्लिनमध्ये त्या शिकल्या, तेथेच त्या काळी वोल्फगांग क्योलर आणि त्यांचे सहकारी समग्राकृतीच्या मानसशास्त्राची मांडणी करीत होते, याची येथे आठवण होते. गावाची व्याख्या महसुली दप्तरातून न घेता पाहणाऱ्याच्या अनुभवातून घ्यावी, हा या लेखाचा विशेष आहे.

१९६१ च्या 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' या ग्रंथात त्या आपले गुरू घुर्ये यांच्यापासूनही दूर गेल्या. एकाच समाजाचे तुकडे पडत जाऊन जाती निर्माण झाल्या, हे मत त्यांना पटले नाही. वेगवेगळे स्वयंपूर्ण गट शेजारी-शेजारी येऊन, आपापले वेगळेपण राखून, एका व्यवस्थेत गोवले गेले, असे त्यांचे प्रतिपादन होते. समन्वयावर भर देणाऱ्या या चित्रात जातींमधील सत्ता आणि अन्याय यांना पुरेशी जागा मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्याच दिंडीच्या निबंधात ती वेदना अधिक उघडपणे व्यक्त झाली आहे. शास्त्रीय ग्रंथाने जे गुळगुळीत केले ते निबंधाने खडबडीत ठेवले, असे म्हणता येईल.

अखेरच्या दशकात त्यांचे लक्ष बदलत्या भूप्रदेशाकडे वळले. फलटण या वाढत्या शहराचा आणि भोवतालच्या मुलखाचा, जे. एस. रणदिवे यांच्यासह केलेला अभ्यास १९६५ मध्ये आला. राज्य गॅझेटियरच्या मालेतील महाराष्ट्राची भूमी आणि लोक यांवरील खंड १९६८ मध्ये, आणि हेमलता आचार्य यांच्यासह केलेले आठवडे बाजारांवरील काम १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी सर्वांत अस्वस्थ करणारे पुस्तक म्हणजे कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली, कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची १९६९ ची पाहणी. धरणाने वीज दिली. पण पाण्याखाली गेलेल्या गावांबरोबर भाऊबंदकी, सोयरीक, बाजाराची वाट आणि देवाची जत्रा यांचे जाळेही तुटले. जमिनीचा मोबदला मोजता येतो; हे जाळे मोजण्याचे माप सरकारजवळ नव्हते. ज्या विदुषीने उमेदीची वर्षे मोजमापांत घालविली, तिने मोजता न येणाऱ्या हानीची नोंद करावी, यात त्यांच्या विचाराचा प्रवास दिसतो.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीच्या १३ गावांची १,७७७ एकर जमीन विमानउद्योगाच्या वसाहतीसाठी घेण्याचा प्रस्ताव शेतकऱ्यांच्या तीन वर्षांहून अधिक चाललेल्या आंदोलनानंतर, जुलै २०२५ मध्ये, मागे घेत असल्याची घोषणा कर्नाटक सरकारने केली. २००८ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाने या परिसराचे रूप आधीच पालटले होते. अशा ठिकाणी कोयनेची पाहणी वाचली, तर ती एका जुन्या अहवालासारखी वाटत नाही.

'युगान्त'चे वाचनही याच संदर्भात करता येते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथाची ख्याती महाभारतातील व्यक्तींच्या परखड चिकित्सेमुळे झाली. पण त्यातील मयसभेविषयीच्या प्रकरणाचा गाभा खांडववनाचे दहन हा आहे. अरण्य जाळून, त्यातील नागांचा आणि प्राण्यांचा संहार करून कृष्ण-अर्जुनांनी शेतीसाठी व राज्यासाठी भूमी मोकळी केली. त्यासाठी इतके क्रौर्य का, हा प्रश्न इरावतीबाई टाळत नाहीत. कोयनेची पाहणी आणि हे प्रकरण दोनच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. एक इंग्रजीत, संशोधनसंस्थेच्या बाजूने. दुसरे मराठीत, सामान्य वाचकासाठी. दोहोंचा विषय मात्र एकच आहे : एकाची वसाहत उभी राहते तेव्हा कोणाची वस्ती उठते?

येथे विद्याप्रकाशनाचा मुद्दा येतो. त्यांचे शास्त्रीय ग्रंथ संस्थांच्या मालांतून आणि सरकारी मुद्रणालयांतून निघाले, तर मराठी पुस्तके पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिली वाचली आणि दुसरी छंद म्हणून बाजूला ठेवली. मराठीच्या विद्यार्थ्याने उलटे केले. त्यामुळे एका विचाराचे दोन अर्धे दोन विद्याशाखांच्या कपाटांत पडून राहिले. युरोपात ज्या प्रकारचे लेखन तत्त्वज्ञान आणि भूगोल यांच्या संगमावरील नवे प्रकाशन म्हणून गौरविले जाते, तशा प्रकारचे लेखन आपल्याकडे ललित निबंध या सदराखाली नोंदले गेले.

११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, इरावतीबाईंचे पुण्यात निधन झाले. 'गंगाजल' हा निबंधसंग्रह त्यानंतर, १९७२ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखविलेल्या दिशेने पुढे जाणाऱ्यांत परदेशी अभ्यासकही होते. जर्मन विद्वान ग्युंटर सोंटहायमर यांनी धनगरांच्या वाटांवरून बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांचा शोध घेतला. त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. ॲन फेल्डहाउस यांनी २००३ च्या ग्रंथात यात्रा, नद्या आणि पालख्या यांतून महाराष्ट्रात प्रदेशाची जाणीव कशी घडते याचा सविस्तर विचार केला. २०२४ मध्ये त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र प्रकाशित झाले आणि बर्लिनमधील वर्षांवर नवा प्रकाश पडला.

आता त्यांच्या दोन्ही भाषांतील लेखनाचे एकत्रित, संपादित प्रकाशन होणे अगत्याचे आहे. 'वाटचाल' आणि नातेव्यवस्थेचा ग्रंथ, 'युगान्त' आणि कोयनेची पाहणी, ही एकमेकांशेजारी ठेवून वाचली गेली पाहिजेत. तसे झाले म्हणजे बर्लिनच्या प्रयोगशाळेत हाडांत न सापडलेले माणसाचे नाते पुढे त्यांनी कोठे शोधले, हे वाचकाला त्यांच्याच पानांवर पडताळून पाहता येईल.